सहाव्या मैलाचा माणूस

कमलेशने चौकटीमागच्या गंजलेल्या बारीक चुका पक्कडीने एकेक करून उपसल्या, पुठ्ठा बाजूला केला आणि छायाचित्र दोन बोटांच्या चिमटीत धरून दिव्यासमोर नेले. भंडाऱ्याच्या बसस्थानकामागे त्याचा लहानसा फोटो स्टुडिओ आहे. चैत्र सरत आला होता. अक्षय्य तृतीयेला, पितरांना पाणी द्यायच्या दिवसाला, पाच दिवस उरले होते, आणि काचेच्या आतून चढलेली बुरशी माझ्या वडिलांच्या पागोट्यापर्यंत पोहोचली होती, म्हणून मी ती तसबीर साफ करून घेण्यासाठी आणली होती. कमलेशने ते उजेडात फिरवून फिरवून पाहिले. मग सहज, जीभ टाळूला लावून एक बारीकसा आवाज काढीत म्हणाला, “गुरुजी, हा फोटो त उलटा छापला हाय.”

“उलटा म्हणजे?”

“आरशात दिसते ना, तसा. पहिले काचेची निगेटिव्ह राहे. थे पालथी ठेवली का डावं-उजवं होऊन जाते. हा मोटारजवळचा साहेब पाहा. कोटाचा खिसा उजव्या छातीवर. बटनंबी उलट्या बाजूले. मोटारचं स्टेरिंग डावीकडं. इतक्या वर्षांत तुमच्या ध्यानात नाई आलं का जी?”

ध्यानात आले होते. हीच गोष्ट मला त्या स्टुलावर बसल्या जागी शरमवून गेली. सुकाणू डावीकडे आहे हे मी पहिल्याच वर्षी पाहिले होते, आणि मोटार अमेरिकेहून आली असावी असे स्वतःला समजावले होते. खिसा उजवीकडे दिसला तेव्हा शिंप्याची लहर म्हणून सोडून दिला होता. आयुष्यभर मी संस्कृत शिकवले. पोथीत एखादा शब्द बसत नसला की नकलणाऱ्याची चूक मान्य करण्याऐवजी त्या चुकीलाच अर्थ लावून देणारे टीकाकार मी वर्गात शिकवले, त्यांच्या बुद्धीचे कौतुक केले. या एका छायाचित्रावर मी छप्पन्न वर्षे तशीच टीका लिहीत आलो होतो. प्रत्येक विसंगतीला माझ्याकडे उत्तर होते.

“मग हातोडी?” मी विचारले.

“कोणची हातोडी?”

“ह्यांच्या हातातली.”

साहेबाच्या बुटांपासून चार हातांवर, गिट्टीच्या ढिगाशी उकिडवा बसलेला तो माणूस कमलेशने भिंगाखाली घेतला. मान खाली, पागोट्याची सावली नाकापर्यंत, आणि डाव्या हातात उंचावलेली हातोडी. “थे उजव्या हातात असन ना मंग,” तो म्हणाला. “थांबा, कॉम्प्युटरवर सुलटा करून देतो. दोन मिनिटाचं काम हाय. बाबा सुलटे दिसन तुमचे.”

दोन मिनिटांचेच काम होते. यंत्रातून कागद बाहेर सरकला आणि त्यावरचा तो माणूस उजव्या हाताने दगड फोडीत होता, जसा जगातला कोणीही फोडतो.

माझे वडील सोमाजी हे जुन्या मोटार-सडकेवर मैलकुली होते. एकेका मैलाची निगा एकेका माणसाकडे असे. त्याने खड्डे बुजवायचे, नाल्या उपसायच्या, पावसाळ्यापूर्वी गिट्टी फोडून ढीग लावून ठेवायचे. तुमसरहून निघालेली ती सडक आंबागडच्या डोंगराला वळसा घालून पलीकडच्या जंगलात उतरत असे. वडिलांकडे सहावा मैल होता. मी सहा वर्षांचा असताना ते तापाने गेले; त्यांच्या मैलावर पुन्हा कोणाला नेमले नाही. पुढे दुसऱ्या अंगाने नवा रस्ता झाला, मोटारी तिकडे वळल्या, आणि जुन्या सडकेवर आधी गवत, मग पळस, मग शेतांचे बांध चढले. सडकेचे नाव घेणारेही हळूहळू संपले. मी नोकरीला लागल्यानंतर, एका कचेरीत अडगळ काढताना मधुकरराव नावाच्या कारकुनाने मला सात छायाचित्रे दिली. “गुरुजी, तुमच्याच बाजूची दिसतात, ठेवा,” ते म्हणाले. सहांत नुसता रस्ता, मोऱ्या, मैलाचे दगड होते. सातव्यात माणसे होती.

ते घेऊन मी आईकडे गेलो होतो. आई, आनंदाबाई, तेव्हा ओसरीवर चिंच फोडीत बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माणूस आला की गेला एवढेच तिला उजेडावरून कळे. तिने छायाचित्र हातात घेतले, त्यावरून अंगठा फिरवला, जणू तांदळात खडा शोधीत होती. म्हणाली, “हातोडी कोन्या हातात हाय?”

मी म्हणालो, डाव्या.

“मंग थेच व्हयेत,” ती म्हणाली. “साऱ्या सडकेवर डावखुरे थे एकच होते.” तिने ते कपाळाला लावले. नंतर मरेपर्यंत, अकरा वर्षे, ती रोज सकाळी त्या भिंतीकडे तोंड करून हात जोडीत असे. तिने पाहिले काहीच नव्हते. तिने मला विचारले होते आणि मी सांगितले होते. माझ्या एका शब्दावर ती बाई अकरा वर्षे एका माणसाला नमस्कार करीत राहिली, आणि तो कोण, हा प्रश्न आता एक छायाचित्रकार दोन मिनिटांत उभा करून मोकळा झाला होता.

कमलेशला मी दोन्ही कागद पाकिटात घालायला सांगितले आणि उन्हातून घरी आलो. माझी पत्नी ललिताबाई गेल्यापासून या दोन खोल्यांत घड्याळाखेरीज कोणी बोलत नाही. भिंतीवरची रिकामी जागा टाळून मी खुर्ची फिरवून बसलो आणि वडिलांचा चेहरा आठवण्याचा प्रयत्न केला. पागोटे आले, सावली आली, खाली घातलेली मान आली. डोळे मिटून पुन्हा आठवले. पुन्हा तेच पागोटे, तीच सावली. सहा वर्षांच्या मुलापाशी जो काही चेहरा होता, तो या छायाचित्राने केव्हा पुसून टाकला आणि त्या जागी स्वतः येऊन बसले, मला कळले नव्हते. आता हे उठून गेले तर खाली काहीच उरत नव्हते. एवढेच आठवले की चालताना ते मला आपल्या उजव्या हाताने धरीत. डावा कामाचा, तो मोकळा हवा. म्हणून माझ्या वाट्याला त्यांचा तो दुसरा हात आला, घट्टे कमी असलेला, घाम आला की निसटणारा.

मीही डावखुरा होतो. वडील गेल्यावर मामांनी मला नागपूरला पाठशाळेत ठेवले. तिथले शास्त्रीजी थोर विद्वान होते आणि त्यांनी मला पोटच्या पोरासारखे वाढवले. त्यांच्याविषयी माझ्या मनात आजही पूज्यभावच आहे. पण डाव्या हाताने आचमन होत नाही, तर्पण होत नाही, दान होत नाही. त्यांनी माझा डावा हात उपरण्याने कमरेला बांधला. जेवताना, लिहिताना, पाठ म्हणताना. वर्षभराने उपरणे सोडले तेव्हा तो हात माझ्या बाजूला नुसता लोंबत होता, पाहुण्याला बसायला सांगायचे राहून जावे तसा. तेव्हापासून त्याने माझ्यासाठी पुस्तक उघडे धरण्यापलीकडे काही केले नाही. कदाचित म्हणूनच त्या छायाचित्रातला उंचावलेला डावा हात मला इतका प्रिय होता. माझ्या घरात तो एकच डावा हात न बांधलेला होता.

तरीही एक वाट उघडी होती, आणि मी तिला धरून राहिलो. हातोडी उजव्या हातात असेना. क्षणभर हात पालटून कोणीही काम करतो. जागा सहाव्या मैलाची ठरली, तर माणूस माझाच. एकेका मैलाला एकच मैलकुली. आणि जागा तर मी कधीच ठरवली होती. छायाचित्रात मागे आंबागडचा डोंगर आहे. त्याचा कडा एका बाजूला तुटतो आणि लांब उतार दुसऱ्या बाजूला जमिनीला टेकतो. सहाव्या मैलावरून, म्हणजे डोंगराच्या पलीकडून, मागे वळून पाहिले की तो नेमका तसाच दिसतो, उतार डावीकडे. पुढे मोरीचा कठडा आहे, तसाच. छायाचित्रात कठड्याजवळ हत्तीच्या पाठीसारखा एक मोठा गोटा आहे, तो तेवढा तिथे नाही. तो गिट्टीसाठी फोडला असावा, असे मी वहीत लिहून ठेवले होते. आणखी एक टीका. आता सुलट्या कागदावर उतार उजवीकडे गेला होता. असा डोंगर कुठून दिसतो, हे मला ठाऊक होते. तो अलीकडून दिसतो. तरी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय म्हणायचे नाही असे ठरवून मी दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तुमसरला गेलो आणि तिथून ऑटोने बाबूलालच्या शेतापर्यंत.

बाबूलाल सत्तरीचा, धानाचा शेतकरी. जुनी सडक तिसऱ्या मैलावर त्याच्या भाताच्या बांधीतून जाते, आणि दरसाल उन्हाळ्यात सहाव्या मैलाकडे जाताना मी त्याच्या अंगणात पाणी पिऊन पुढे निघतो. मोहाचा हंगाम उतरणीला लागला होता. अंगणभर गोडसर, आंबूस वास होता. मला पाहताच तो खाटेवरून उठला.

“या जी गुरुजी! मी हिले म्हणूनच राहिलो होतो, यंदा ऊन लय हाय, गुरुजी नाई येत.”

आतून कुंताबाईचा आवाज आला, “तुमी म्हणता थ्याच्या उलटंच होते. मी कवाच तांब्या भरून ठेवला.” ती बाहेर आली, तांब्या दिला आणि माझ्या पाकिटाकडे पाहून हसली. “आनला का बाबाले पुन्हा? गुरुजी, बाप का फोटोत रायते जी? माह्या बापाचा त एकबी फोटो नाई. तरी थो सपनात येते आन शिव्या देऊन जाते.”

“कायले शिव्या देते?” बाबूलाल म्हणाला. “मले जवाई केला म्हणून.”

“मंग का खोटं हाय?”

मी हसलो असेन. पाणी प्यालो. मग सुलटा कागद काढून खाटेवर ठेवला आणि म्हणालो, हे पाहा, हा उलटा छापला होता, आता नीट केला आहे. असा डोंगर कुठून दिसतो, तेवढे मला सांगा. बाबूलाल कागद दूर धरून, डोळे बारीक करून पाहू लागला. कुंताबाईने त्याच्या खांद्यावरून डोकावले आणि तिला पाहायला एक श्वासही लागला नाही.

“अव्वा! हा त आपलाच गोटा हाय!”

तिने बोट दाखवले त्या दिशेने मी पाहिले. अंगणाच्या कडेला, मोडक्या मोरीच्या कठड्याला लागून, हत्तीच्या पाठीसारखा तो गोटा होता, आणि त्यावर तिने मोहाची फुले वाळत घातली होती. दरसाल मी त्याच्यावरच बसून पाणी पीत आलो होतो. त्याच्यावर बसून वहाणांतले खडे झटकले होते, वही उघडून सहाव्या मैलाच्या खुणा पडताळल्या होत्या. कठड्याचा वरचा दगड छायाचित्रात होता तसाच एका कोपऱ्याला ढासळलेला होता. मागे डोंगर होता. उतार उजवीकडे टेकला होता.

“दरसाल पाहिला मी हा फोटो,” बाबूलाल हळू म्हणाला. “पन कसा ओळखू येईन जी, सारंच फिरून होतं.”

मी विचारले, “तिसऱ्या मैलावर तेव्हा मैलकुली कोण होता?”

“कोन जाने. थेव्हा आमी इकडं नोहतो. माह्या बापानं हे वावर मागाहून घेतलं. थ्या वक्ताचं मानूसच नाई राहिलं आता कोनी.”

बाबूलालने कागद माझ्याकडे सरकवला. मोहाच्या फुलांवर माशा घोंगावत होत्या. कुंताबाईला कळले होते. बायकांना असे काही सांगावे लागत नाही. तिने पदर डोक्यावर ओढला आणि चेष्टेचा सगळा सूर सोडून म्हणाली, “कोनाचा तरी बाप असन जी.”

त्या वाक्याला माझ्यापाशी टीका नव्हती.

बाबूलाल मला सहाव्या मैलापर्यंत घेऊन गेला. मी नको म्हणालो होतो. त्याने पायांत वहाणा सरकवल्या आणि कमलेशचे पाकीट माझ्या हातून घेऊन पुढे चालू लागला. त्याच्या मोटारसायकलला जाता येईल तिथवर आम्ही तिच्यावरून गेलो, पुढे पायी. सडक आता फक्त जाणणाऱ्याला दिसते: पळसांच्या दोन रांगांत थोडी जास्त रुंद राहिलेली जागा, पायाखाली मुरमाचा टणकपणा, कुठे नालीची बुजलेली रेघ. मैलाचा दगड आडवा पडला आहे. आकडा झिजून गेला आहे, पण बोट लावले की खाच लागते. बाबूलाल मोहाखाली बसला आणि त्याने शहाणपणाने पाठ फिरवली.

दरसाल मी इथे येऊन ती तसबीर समोर धरीत असे. एक पाऊल मागे, दोन पावले उजवीकडे, डोंगर नीट बसेपर्यंत. आज हातात काही नव्हते. कठडा होता, त्यावर वाळलेले शेवाळ होते, आणि कठड्यापाशी कोणी नव्हते. इतकी वर्षे मी ज्याला इथे बसवले होते, तो तीन मैल मागे दुसऱ्याच ढिगाशी दगड फोडीत होता. जागा पहिल्यांदाच तिच्याएवढी रिकामी दिसली. मला वाटले होते की रडू येईल. आली ती एक विचित्र भीती, गर्दीत धरलेला हात आपल्या माणसाचा नाही हे कळल्यावर मुलाला वाटते तशी. आणि तो हात सोडवतही नाही, कारण दुसरा कोणता नाही. मी कठड्यावर बसलो. लहानपणी इथे बसून पाय हलवीत असे, ते आठवले. दगडाची ऊब मांड्यांना लागे, आणि जवळच ठक्, ठक्, ठक्, मध्ये थांबून पुन्हा ठक्. आवाज माझ्या कोणत्या बाजूने येई? मी त्या आवाजाकडे मान वळवून पाहण्याचा प्रयत्न केला. पागोट्याची सावली आड आली. मान वळली नाही.

उठताना गवतात पाय अडखळला. खाली गिट्टी होती, पावसाळ्यापूर्वी रचलेली आणि कधीच न पसरलेली. ढीग बसून जमिनीएवढा झाला होता, मुळांनी त्याला विणून टाकले होते. एक खडा ओढून काढला. मुठीत मावणारा, करडा, एका बाजूने तीक्ष्ण फुटलेला. सहाव्या मैलावर दुसरे कोणी गिट्टी फोडत नव्हते. तो खिशात घालून मी बाबूलालला हाक मारली.

भंडाऱ्याला परतल्यावर बाजारात रंभाबाईकडे गेलो. ती पितरांसाठी मातीच्या घागरी विकते आणि मला कित्येक वर्षांपासून ओळखते. तिने न विचारताच तीन घागरी बाजूला काढल्या, वाजवून पाहिल्या: वडिलांची, आईची, ललिताबाईंची. मी म्हणालो, “यंदा चार द्या.”

तिचा हात थांबला. डोक्यावरचा पदर तिने सावरला. “कोन गेलं जी गुरुजी?”

“पुष्कळ वर्षे झाली,” मी म्हणालो. “मला आत्ता कळले.”

तिने चौथी घागर निवडायला इतर तिन्हींपेक्षा जास्त वेळ घेतला.

तृतीयेला सकाळी मी घर सारवल्यासारखे पुसून घेतले. पूर्वी ललिताबाई चिंच-गुळाची चिंचवणी करीत, वडे तळीत. आता शेजारच्या घरून एक ताट येते, तेच मी पळसाच्या चार पत्रावळींवर थोडे थोडे वाढले. घागरींत पाणी भरले, वाळा टाकला, वर आंबे ठेवले. निखाऱ्यांवर तूप-गूळ सोडला. चौथ्या घागरीमागे मी सुलटे छायाचित्र उभे केले. संकल्पाला नाव लागते, गोत्र लागते, आणि माझ्यापाशी दोन्ही नव्हते. पण शास्त्राने तिथेही जागा ठेवली आहे: ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्यांच्यासाठी म्हणण्याचे शब्द आहेत. ते मी दरसाल म्हणत आलो होतो, समोर कोणी नसताना, पाठ आहेत म्हणून. आज समोर माणूस होता. छप्पन्न वर्षे त्याने माझ्या वडिलांसाठी केलेला माझा नमस्कार घेतला, माझ्या आईचाही घेतला, आणि उजवा असून डावा म्हणून राहिला, तक्रार केली नाही. मी उजव्या हाताने त्याला पाणी दिले. त्याला तोच हात ओळखीचा असणार.

आईची घागर झाली. ललिताबाईंची झाली. वडिलांच्या घागरीमागे छायाचित्र नव्हते. तिथे सहाव्या मैलाचा तो खडा ठेवला होता. मी पळी उचलली, तोंडात शब्द आले, आणि उजवा हात पुढे जाऊन घागरीवर थांबला. शास्त्रीजींचे उपरणे मला स्पष्ट आठवले, त्याचा निळसर काठ, त्याची गाठ. मी मनात त्यांची क्षमा मागितली. मग पळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली.

त्या हाताला पळीची सवय नव्हती. पाणी पळीतून निम्मे बाहेरच सांडले. उरलेले खड्यावर सोडले, ते कसेबसे, वाकडेतिकडे, शिकाऊ मुलाने सोडावे तसे पडले. वडिलांचे नाव मी मोठ्याने घेतले. खोलीत दुसरे कोणी नव्हते. करडा दगड पाण्याने काळाशार झाला आणि त्याची फुटलेली कड उजेडात चमकली, आताच कोणी हातोडी मारून बाजूला टाकल्यासारखी. मी तो पुन्हा करडा होईपर्यंत बसून राहिलो. मग आणखी एकदा पाणी घातले.